मावशीची २३ वाक्यं

पत्र असं आहे:

"काका, नमस्कार. मी ४७ वर्षांची, सुदामा नगरला राहते, घरीच नववी-दहावीच्या मुलांची मॅथ्सची ट्यूशन घेते. आमच्या मंडळाच्या गणपतीत दरवर्षी एकांकिका असते, मी आजवर फक्त रांगोळी आणि प्रसादाचं बघत आले. यंदा मावशीचा रोल करणाऱ्या बाईंचा पाय मोडला आणि सगळ्यांनी मिळून मला उभं केलं. नाटकात पुण्यातलं घर आहे, मावशीची २३ वाक्यं आहेत, मोजलीत मी. प्रयोगाला २२ दिवस उरलेत. घरी एकटी असले की सगळं येतं, तालमीला गेलं की घसा कोरडा, हात थरथरतात, ते कुठे ठेवायचे तेच कळत नाही, आणि परवा तर संहितेचं एक अख्खं पान खाल्लं, मधलं सगळं सोडून पुढचंच बोलले. वर माझं मराठी हे असं इंदौरी, दिग्दर्शक मुंबईत दोन वर्षं राहून आलाय, तो प्रत्येक वाक्याला अडवतो. मिस्टर म्हणतात, घरी रोज नाटक करतेसच की. नणंद म्हणते एक गोळी असते, ती घेतली की हात थरथरत नाहीत, तिच्या गाण्याच्या क्लासमधल्या एकीने घेतली होती. काय करू? नाही सांगून टाकू का? – घाबरलेली मावशी"

अहो ताई,

आधी एक सांगून टाकतो, मी नट नाही. माझं आयुष्य विंगेत गेलं. हातात संहितेची झेरॉक्स, कानावर पेन्सिल, आणि एक छोटा टॉर्च, त्याच्या काचेला लाल जिलेटीनचा कागद चिकटवलेला म्हणजे उजेड बाहेर दिसत नाही. प्रॉम्प्टर, म्हणजे नट विसरला की विंगेतून हळूच शब्द देणारा. इंदूरच्या तीन-चार मंडळांची मिळून ३१ वर्षं केलं हे काम, बँकेतून घरी यायचं, चहा प्यायचा आणि तालमीला. त्यामुळे अभिनय कसा करावा हे मला विचारू नका, पण माणूस विसरतो कसा, हे मी जितकं जवळून बघितलंय तितकं फार कमी लोकांनी बघितलं असेल, दीड हातावरून बघितलंय.

नाही सांगू का, याचं उत्तर: मनापासून नकोच असेल तर या रविवारपर्यंत सांगा, दिग्दर्शकाला दुसरं कोणी बघायला वेळ मिळेल. रंगीत तालीम झाल्यावर पाय मागे घेणारी माणसं मी बघितलीत, मग सगळ्या मंडळाची जी वाट लागते ती विचारू नका. पण तुमचं पत्र वाचून मला नाही वाटत की तुम्हाला नकोय. जिला नकोय ती वाक्यं मोजत नाही.

आता माझी स्वतःची गोष्ट, म्हणजे मी विंगेत कसा पोचलो ती. मी १९ वर्षांचा, पहिलंच नाटक, घरातल्या धाकट्या मुलाचा रोल. पहिल्या प्रवेशात वडील मला विचारतात, "आता तरी सांग," मी म्हणायचं, "सांगण्यासारखं काही नाही, बाबा." दुसऱ्या प्रवेशात, जवळजवळ पाऊण तासाने, वडील पुन्हा तेच विचारतात, "आता तरी सांग," आणि तेव्हा मी सांगायचं की दागिने दादानेच विकले. आलं लक्षात? मी विंगेत उभा राहून तासभर माझी वाक्यं पुटपुटत होतो, आत गेलो, लाइट डोळ्यांवर आले, वडिलांनी विचारलं "आता तरी सांग" आणि मी छाती काढून खणखणीत आवाजात सांगितलं, "दागिने दादानेच विकले!" नाटक सुरू होऊन दहा मिनिटं झाली होती, दागिने गेलेत हेच अजून कोणाला कळलेलं नव्हतं. दादा तर स्टेजवर आलाही नव्हता. वडिलांचं काम करणारे गृहस्थ जुने खोड, एक सेकंद माझ्याकडे बघितलं, कपाळाला हात लावला आणि म्हणाले, "याचा ताप अजून उतरलेला दिसत नाही, काहीही बरळतोय, जा आत जाऊन पड." झालं, पुढचं सगळं नाटक मी अंगावर शाल घेऊन केलं, कारण आता मला ताप होता ना. लोकांना काही कळलं नाही. एक आजी तर नंतर मला म्हणाल्या, बाळा, तापात कशाला काम केलंस.

त्यानंतर मला प्रॉम्प्टिंगला बसवलं आणि मी खूश होतो.

पण हे सगळं सांगितलं ते हसवायला नाही (हसा, हरकत नाही). मी विसरलो नव्हतो, माझी सगळी वाक्यं मला पाठ होती, उलट जरा जास्तच पाठ होती. मी वडिलांचं ऐकत नव्हतो. त्यांच्या तोंडून ठरलेला आवाज आला की आपली कळ दाबायची एवढंच करत होतो, लिफ्टसारखं. आणि पुढे ३१ वर्षं विंगेतून मी हेच बघत आलो. जे अडखळतात ते बहुतेक वेळा कमी पाठांतरवाले नसतात. समोरचा बोलत असताना जे मनातल्या मनात स्वतःचं पुढचं वाक्य घोकत असतात, ते अडखळतात. डोळ्यांवरून कळतं हो. पॉज घेतलेला नट समोरच्या माणसाकडे बघत असतो, ब्लँक झालेला नट जमिनीकडे बघतो किंवा छताकडे, किंवा सगळ्यात वाईट म्हणजे विंगेत माझ्याकडे. प्रॉम्प्टरला ते बघूनच ठरवावं लागतं की शब्द द्यायचा की थांबायचं, चांगल्या पॉजमध्ये शब्द टाकला की नट नंतर मेकअपरूममध्ये तुमचा गळा धरतो.

म्हणून माझं तुम्हाला सांगणं एकच आहे. तुमची २३ वाक्यं बाजूला ठेवा आणि त्या २३ वाक्यांच्या आधीची, दुसऱ्यांची २३ वाक्यं पाठ करा. त्यांनी काय विचारलं हे पक्कं असलं की मावशी काय म्हणणार हे आपोआप येतं, कारण माणूस उत्तर देतो, नुसतं बोलत नाही.

कसं करायचं ते सांगतो. आज रात्री जेवणं झाल्यावर मिस्टरांच्या हातात संहिता द्या. घरी रोज नाटक करतेस म्हणतात ना, मग बसा म्हणावं समोर, बाकी सगळ्यांचे रोल त्यांनी वाचायचे, सुनेचा सुद्धा, अगदी बायकी आवाज काढून नाही वाचला तरी चालेल. रोज रात्री दोनदा, उभं राहून, आणि मग सरळ झोपायला जायचं, टीव्ही नाही, मोबाईल नाही. झोपेच्या आधी केलेलं पाठांतर चांगलं बसतं, तुम्ही ट्यूशनवाल्या आहात, मुलांना हेच सांगत असाल. चार दिवसांत मिस्टर चेष्टा करायचे थांबतील आणि पाचव्या दिवशी तुम्हाला सूचना द्यायला लागतील, ते जास्त त्रासदायक आहे पण सहन करा.

दिवसा मात्र ते नसणार, तर एक करा. मोबाईलवर फक्त इतरांची वाक्यं रेकॉर्ड करा आणि तुमच्या वाक्याच्या जागी तेवढाच वेळ गप्प रहा. मग पोळ्या लाटताना ते लावायचं आणि रिकाम्या जागेत तुम्ही बोलायचं. मोठ्याने. मनात म्हटलेलं आणि तोंडाने म्हटलेलं यात फार फरक आहे, जिभेला पण सवय लागते. पोळ्या, भांडी, इस्त्री, काहीतरी हाताने करतानाच म्हणा, कारण सोफ्यावर बसून पाठ केलेलं सोफ्यावरच आठवतं. आणि तालमीत ज्या वाक्याला उठायचं, ज्या वाक्याला खिडकीकडे जायचं, ते घरीही उठून, जाऊनच म्हणा. पायांना पण वाक्यं पाठ होतात, मी गंमत नाही करत, कित्येकदा एखादा नट माझ्याकडे न बघता नुसता ठरलेल्या खुर्चीपर्यंत चालत गेला आणि तिथे पोचल्यावर त्याला वाक्य सापडलं.

तिसरं म्हणजे पेन्सिल घ्या आणि संहितेत सारखी दिसणारी वाक्यं शोधा. "मग पुढे काय?" "खरं सांगतोस?" असली दोन-दोनदा येणारी. तुम्ही परवा जे पान खाल्लं ना, पैजेवर सांगतो, तिथे असाच काहीतरी सारखा क्यू, म्हणजे ज्यावर आपण बोलायचं ते समोरच्याचं वाक्य, असणार. बघा आणि मला कळवा. अशा प्रत्येक जोडीपुढे एक शब्द लिहायचा, या वेळी मावशीला काय माहीत आहे आणि काय नाही. पहिल्या वेळी तिला दागिन्यांचं माहीत नाही, दुसऱ्या वेळी माहीत आहे. तुमच्या मावशीला जे काही असेल ते. मॅथ्समध्ये नाही का, सूत्र तेच पण दिलेल्या किमती वेगळ्या.

आणि एवढं करूनही ब्लँक झालात तर? व्हाल सुद्धा, सगळे होतात. तेव्हा जमीन नाही, छत नाही, विंग तर नाहीच. समोर जो उभा आहे त्याच्या डोळ्यांत बघा आणि हातातलं काम चालू ठेवा. स्टेजवर तीन सेकंद म्हणजे आपल्याला श्राद्ध घालून होईल इतका वेळ वाटतो, खाली बसलेल्यांना वाटतं मावशी विचार करतेय. तरी नाही आलं तर मावशीला कमी ऐकू येऊ द्या, "काय म्हणालास?" विचारा. समोरचा तेच वाक्य पुन्हा म्हणेल आणि दहातल्या नऊ वेळा तुमचं वाक्य त्याच्यामागोमाग येतं. फक्त हे सोबतच्या नटांशी तालमीत एकदा बोलून ठेवा, नाहीतर तो पण ब्लँक होतो आणि मग दोघंजण एकमेकांच्या डोळ्यांत बघत उभे, प्रेमप्रसंग असल्यासारखे.

हातांचं सोपं आहे. हात रिकामे असले की प्रश्न पडतो. स्वयंपाकघरात उभी असताना तुम्हाला कधी वाटलं का की हात कुठे ठेवू? दिग्दर्शकाला सांगा मावशीला काम द्या, मेथी निवडू दे, शेंगा सोलू दे, कपड्यांच्या घड्या करू दे. खरी मेथी घ्या, खोटी नको, आणि पुढच्या तालमीपासूनच घ्या, आयत्या वेळी नाही. थरथरणाऱ्या हातात कप-बशी मात्र चुकूनही घेऊ नका, बशी वाजते आणि माइक तो आवाज वाढवून सगळ्या हॉलला ऐकवतो, मग लोक नाटक सोडून कपाकडे बघतात. स्टीलचा पेला बरा. पत्र वाचायचं असेल तर कागदाच्या मागे पुठ्ठा लावून घ्या.

आता तुमच्या मराठीचं. इथे मला जरा रागच आला, तुमच्यावर नाही. हे बघा, दिग्दर्शकाचं काही बाबतीत बरोबर आहे आणि तेवढं ऐकायचं. आपले इंदूरचे च आणि ज हिंदी शाळेत जाऊन सगळे एकाच छापाचे झालेत. "चांगला चहा" म्हणून बघा. चांगलाचा च दातांपाशी, चहाचा च टाळूला, दोन वेगळे आहेत, आपण दोन्ही टाळूलाच लावतो. तसंच "माझं जेवण झालं", यात जेवणाचा ज टाळूचा आणि आजूबाजूचे दोन्ही झ दातांपाशी. संहितेत असे शब्द पेन्सिलने गोल करा, मोजून पंधरा-वीस निघतील, तेवढेच घोका, सगळी भाषा बदलायला जाऊ नका. घरात सासूबाई किंवा आई जुन्या वळणाच्या असतील तर त्यांच्याकडून म्हणवून घ्या, आपल्या इंदूरच्या म्हाताऱ्या बायकांचं मराठी अजून फार सुरेख आहे, होळकरांच्या वेळचं सामान, टिकाऊ.

पण मावशी सदाशिव पेठेतलीच असली पाहिजे असं कोणी ठरवलंय? नाटकातलं घर पुण्यातलं असू दे, मावशी इंदूरहून आलेली असू शकते की नाही? पुण्यात अर्ध्या घरांत एक इंदूरची मावशी नाहीतर ग्वाल्हेरची आत्या असतेच. दिग्दर्शकाला शांतपणे विचारा. मावशी तिथे जाऊन "काय करून राहिली आहेस गं" म्हणाली, पोह्यांवर टाकायला पर्समधून जीरावन मसाल्याची पुडी काढली, तर खाली बसलेले सगळे कोण आहेत? सुदामा नगर, लोकमान्य नगर, राजेंद्र नगर. पहिला हशा तिथेच. तो नाही म्हणाला तर नाही, नाटक त्याचं आहे, मग गोल केलेले शब्द घोका आणि पुढे चला. पण तो जर प्रत्येक वाक्याला मध्येच अडवत असेल तर त्याला एक विनंती करा, एकटं गाठून, सगळ्यांसमोर नाही: "प्रवेश पूर्ण होऊ द्या, चुका लिहून ठेवा आणि शेवटी एकदम सांगा." दर वाक्याला अडवलं की नवीन माणूस दिग्दर्शकाचं ऐकायला लागतो आणि समोरच्या नटाचं ऐकणं बंद होतं. परवाचं ते पान त्यातही गेलं असेल.

च-ज पेक्षा मोठी गोष्ट, जी कोणी सांगत नाही, ती ही. आपल्या मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, आणि "नाही" तर सगळ्यात शेवटी. नवीन माणूस वाक्य जोरात सुरू करतो, श्वास संपतो, शेवट खाली पडतो. "मी या घरातून जाणार नाही" यातलं "मी या घरातून जाणार" तिसऱ्या रांगेपर्यंत जातं आणि "नाही" मेथीच्या जुडीत पडतं. सगळी गोष्ट उलटी झाली ना! तर श्वास वाक्याच्या आधी घ्या, पोटातून, आणि शेवटचा शब्द मागच्या भिंतीवर टेकवून या. ओरडायचं नाही, टेकवायचं. ट्यूशनमध्ये शेवटच्या बाकावरच्या पोराला ऐकू जाईल असं बोलता ना, तेवढंच. भाद्रपदातला पाऊस, पत्र्याची शेड, दोन पेडेस्टल फॅन, हे सगळं धरून तालीम करा. कॉलर माइक देणार असतील तर मंगळसूत्र आणि लांब हार रंगीत तालमीलाच घालून बघा, मणी माइकवर आपटले की कडकड असा आवाज येतो की बाहेर वीज पडली वाटतं. ब्लाउजला आतून पिन करून टाका. साडी, चपला, चष्मा, जे त्या दिवशी असणार तेच किमान तीन तालमींना.

लोक हसले तर थांबा. नवे लोक हशावर बोलतात आणि पुढचं वाक्य वाया जातं. पूर्ण शांत होईपर्यंत पण थांबू नका, हशा उतरायला लागला की बोला. हे तालमीत शिकवता येत नाही, तिथेच कळतं.

आता घशाचं आणि थरथरीचं. ते होणारच. भीती वाटली की अंगात अॅड्रेनलिन सुटतं, शरीराला वाटतं पळायचंय की मारामारी करायचीय, मग छाती धडधडते, तोंडातली लाळ कमी होते, हातांना घाम. हा त्रास आत जायच्या आधी आणि पहिल्या एक-दोन मिनिटांत सगळ्यात जास्त असतो, मग उतरतो, पहिली तीन-चार वाक्यं सुटली की माणूस ओळखू येत नाही इतका मोकळा होतो, मी शेकडो वेळा बघितलंय. म्हणून पहिलं वाक्य असं पक्कं हवं की झोपेतून उठवलं तरी यावं. आणि हे फक्त तुमच्या-माझ्यासारख्यांना होतं असं नाही. गांधीजी विलायतेहून बॅरिस्टर होऊन आले, मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात पहिली केस, ३० रुपये फी घेतलेली, उलटतपासणीला उभे राहिले आणि डोकं गरगरायला लागलं, एक प्रश्न सुचेना. खाली बसले, फी परत केली, दुसरा वकील बघा म्हणाले. स्वतःच लिहून ठेवलंय त्यांनी. तोच माणूस १९१८ मध्ये आपल्या इंदूरला हिंदी साहित्य संमेलनाचा अध्यक्ष होऊन आला, आणि १९३५ मध्ये पुन्हा आला, पुन्हा अध्यक्षच. मधे काय झालं ते तुम्हाला माहीत आहे.

नणंदेची गोळी नको. ती बहुतेक प्रोप्रॅनोलॉल असणार, बीटा ब्लॉकर म्हणतात, हृदयाचे ठोके आणि थरथर कमी करते हे खरं आहे, गाणारे-वाजवणारे लोक घेतात हेही खरं. पण दमा असेल तर ती गोळी धोक्याची आहे, ज्यांची नाडी किंवा बीपी मुळात कमी त्यांनाही त्रास देते, आणि डायबेटिसवाल्यांना शुगर कमी झाल्याची धडधड जाणवू देत नाही. दुसरीच्या पर्समधली गोळी प्रयोगाच्या दिवशी पहिल्यांदा घेणं म्हणजे तर फारच झालं. घ्यायचीच असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारून, नाहीतर विषय बंद. २३ वाक्यांना गोळी लागत नाही. त्यापेक्षा विंगेत उभं असताना श्वास हळूहळू सोडा, घेताना चार मोजा, सोडताना आठ, पाच-सहा वेळा. फुकट आहे.

मधल्या काळात एक करा. सानंदचं, म्हणजे मुंबई-पुण्याची नाटकं इंदूरला आणणाऱ्या त्या संस्थेचं, पुढचं नाटक लागेल तेव्हा जा, तुमचं सभासदत्व नसेल तर ओळखीत कोणाचं तरी असणारच, एखादा गावाला गेलेला असतो. आणि तिथे बोलणाऱ्याकडे बघू नका, मुद्दाम जो गप्प उभा आहे त्याच्याकडे बघत बसा. मुंबई-पुण्याचे चांगले नट गप्प असताना काय करतात ते बघा. काही करत नाहीत, ऐकतात. पण असं ऐकतात की तुम्हालाही त्या बोलणाऱ्याकडे बघावंसं वाटतं. एवढं एक बघून आलात तर दहा तालमींचं काम होईल, आणि तुमची मावशी बरेचदा गप्पच असणार आहे, २३ वाक्यं म्हणजे चाळीस मिनिटांच्या नाटकात जेमतेम चार मिनिटं. बाकी छत्तीस मिनिटं तुम्ही काय करणार याची कोणी काळजी केली आहे का?

ट्यूशनमध्ये तुम्ही घाबरत नाही ना? वीस पोरं समोर बसलेली, त्यातली अर्धी तुमच्या चुका पकडायला टपलेली. तिथे नाही घाबरत, कारण तिथे तुम्ही स्वतःला बघत नसता, कोणाला कळलं नाही, कोण फळ्याकडे न बघता खाली काहीतरी करतोय, हे शोधत असता. तसंच आत जा. आज सुनेच्या चेहऱ्यावर काय चाललंय ते शोधायला जा.

प्रयोगाच्या दिवशी दुपारी हलकं जेवा, उपाशी राहू नका, चारच्या सुमाराला थोडे पोहे चालतील पण शेव-जीरावन त्या दिवशी नको, घशात अडकतं. चहा एकच. कोमट पाणी जवळ ठेवा, घोट घोट. लोक यायच्या आधी एकदा रिकाम्या स्टेजवर सगळीकडे चालून या, लाइट लावून घ्या म्हणावं, ते डोळ्यांवर कसे येतात ते कळेल, खालची माणसं दिसतच नाहीत तेही कळेल, फार बरं वाटतं. शेवटचा तासभर संहिता बंद. नारळ वाढवताना, नटराजाच्या पूजेला उभ्या राहा, सगळ्यांबरोबर, कोपऱ्यात पुटपुटत नाही. तिसरी घंटा झाली की मोबाईल बंद, तुमचा आणि मिस्टरांचाही. ते पहिल्या रांगेत बसून व्हिडिओ काढणार असतील तर त्यांना आत्ताच सांगा, मागे बसा. घरच्यांचा चेहरा दिसला की माणूस मावशी राहत नाही, बायको होतो.

पत्रात एक गोष्ट तुम्ही लिहिलीच नाही, तुमच्या मंडळात प्रॉम्प्टिंगला कोण आहे? हल्ली बऱ्याच ठिकाणी कोणी नसतंच, किंवा एखादा कॉलेजचा मुलगा मोबाईलवर पीडीएफ उघडून उभा असतो आणि नेमका तेव्हाच त्याला फोन येतो. कोणी नसेल तर रविवारी दिग्दर्शकाला विचारून मला कळवा. मी पाटणीपुऱ्याहून येईन, रिक्षाचे पैसे मागणार नाही, टॉर्च माझ्याकडे आहे. फक्त येताना त्याचा लाल कागद बदलावा लागेल, जुना फाटलाय.